हिरवळीवरचा पारा

कष्टकऱ्यांच्या इतिहासातली प्रत्येक मोठी सुधारणा कुणा ना कुणा थोर माणसाच्या करुणेतून जन्माला येते. बहरीनमधल्या आमच्या कंपनीतली सर्वांत मोठी सुधारणा साहेबांच्या बायकोच्या गुलाबांमुळे जन्माला आली.

गुलाब इंग्लंडहून मागवलेले होते आणि बंगल्यामागच्या हिरवळीच्या कडेने लावले होते. एका उन्हाळ्यात ते करपले. मॅडमचं म्हणणं, माळी चुकीच्या वेळी पाणी घालतो. नेमकं कधी किती तापतं हे कळावं म्हणून साहेबांनी सुताराकडून एक पांढरी पेटी करून घेतली. चार उंच पायांवर उभी, चारी बाजूंना हवा जाईल अशा तिरक्या पट्ट्या, आत थर्मामीटर. पुढे मॅडम इंग्लंडला गेल्या त्या परत आल्या नाहीत. गुलाब राहिले, पेटी राहिली आणि रोजचं तापमान लिहून ठेवायची साहेबांची सवय राहिली. इतकी जुनी सवय नुसतीच चालू ठेवायला माणसाला लाज वाटते. तिला एखादं उदात्त कारण लागतं. साहेबांना ते कामगारांत सापडलं.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी त्या कंपनीच्या ‘कामगार कल्याण आणि सुधारणा’ विभागात कारकून होतो. विभाग म्हणजे साहेब आणि मी. राजधानी मनामाच्या कडेला कंपनीचा दुमजली बंगला होता. खाली आमचं ऑफिस, वर साहेबांचं घर, मागे हिरवळ. साडेचारशे कामगारांची छावणी सलमाबादला, वर्कशॉप आणि गोदामांच्या मध्ये. आणि त्या वर्षीची मोठी साइट मआमीर गावाला लागून, जिथे हवेला सतत तेलाचा वास यायचा. मी नागपूरचा. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे टायपिंग चांगलं यायचं.

साहेब सत्तरीला आले होते. तरुणपणी ते एका वसाहतीत मजूर अधिकारी होते. त्या देशाने स्वातंत्र्य मिळाल्यावर आधी झेंडा बदलला, मग नाव बदललं, आणि मग साहेबांना निरोप दिला. साहेब मात्र त्याला अजून ‘माझा प्रदेश’ म्हणत. त्या प्रदेशातल्या सामाजिक आणि कामगार सुधारणांची देखरेख त्यांनी अकरा वर्षं केली होती आणि त्यावर ते पुस्तक लिहीत होते. लिहीत होते म्हणजे, संध्याकाळी पाचनंतर हिरवळीवर वेताच्या खुर्चीत बसून सांगत होते आणि मी टाइप करत होतो. सातव्या प्रकरणाचा विषय दारूबंदी. ताडीची दुकानं कशी बंद केली, झोपड्यांतून मडकी कशी फोडली, सुरुवातीला शिव्या देणारे लोक पुढे कसे पायाशी आले. हे प्रकरण सांगायला आम्हाला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत साहेबांच्या हातातला व्हिस्कीचा ग्लास एकदाही रिकामा पाहिल्याचं मला आठवत नाही.

उष्णतेचा नियम त्यांनी स्वतः लिहिला. पेटीतला पारा पंचेचाळीसला पोहोचला, की उघड्यावर चाललेलं कंपनीचं प्रत्येक काम, कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता थांबवायचं. पारा चव्वेचाळीसच्या खाली येईपर्यंत कुणाला काम सांगायचं नाही. ‘कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता’ हे शब्द त्यांनी मला मोठ्याने दोनदा सांगितले. म्हणाले, “कायद्याने माणसाच्या तोंडाकडे बघत बसू नये. माझ्या प्रदेशात मी हेच शिकवलं.” नियम चार भाषांत छापून छावणीत लावला. साइटवर लाल निशाण पाठवलं. रोज अकरा, एक आणि तीन वाजता पेटी उघडून आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा आणि साइटला फोन करायचा, हे माझं काम.

दोन वर्षं मी तो आकडा लिहिला. पारा एकदाही पंचेचाळीसला गेला नाही.

जाणार कसा? पेटी हिरवळीवर. हिरवळीला दिवसातून तीन वेळा पाणी. एका बाजूला बंगल्याची सावली, दुसऱ्या बाजूला गुलाब, आणि समोर गोल फिरणारा फवारा. माझा आकडा वाचून होईपर्यंत सदऱ्याच्या बाहीवर तुषार पडत. त्याच वेळी मआमीरला लोखंडी सळ्यांच्या जाळ्यावर माणसं ओणवी होऊन तारा पिळत असत, वर सूर्य आणि खाली तापलेलं लोखंड, आणि समुद्रावरून येणारी अशी ओली हवा की घाम अंगावरून निघायलाच तयार नसे. नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं. पण आमचं ऊन निदान कोरडं असतं.

हे मी साहेबांना एकदा बोललोही. म्हटलं, सर, पेटी साइटवर ठेवली तर?

त्यांनी चष्मा काढला. “तापमान शास्त्रीय पद्धतीने सावलीत आणि गवतावरच मोजतात. उन्हात ठेवलेला थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो.” मग चष्मा पुसत म्हणाले, “तुम्हा लोकांची अडचण ही आहे, की तुम्ही उष्णता मनाला लावून घेता.”

शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होते. ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याचं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असलं की फार जड जातं. पण सुडाची वेळ अजून आली नव्हती. मी मान डोलावली आणि लिहिलं : साडेबेचाळीस.

आता मामाबद्दल. छावणीत सगळेच त्याला मामा म्हणत, पण माझा तो हक्काचा होता. भंडाऱ्याकडचा, माझ्या आईच्या माहेरगावचा. म्हणजे नात्याने कुणी नसला तरी मामाच. पन्नाशीचा, काटकुळा, सळ्या बांधणारा कारागीर. दर शुक्रवारी सकाळी छावणीतल्या आमच्या बाजूच्या दहा-पंधरा बौद्धांना खोलीत जमवून तो वंदना घ्यायचा. पंचशीलातल्या शेवटच्या शीलाला, म्हणजे दारू न पिण्याच्या शपथेला, त्याचा आवाज चढायचा. गावी त्याने बायांच्या मोर्चाबरोबर जाऊन हातभट्ट्या फोडल्या होत्या. सख्ख्या भावाची पहिली फोडली, म्हणून भावाने चार वर्षं बोलणं टाकलं होतं. साहेबांनी आपल्या प्रदेशात जे पोलीस नेऊन केलं, ते मामाने काठी घेऊन केलं होतं. दोघांची भेट झाली असती तर बोलायला विषय होता.

भेट झाली, पण फक्त कागदावर.

ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. साहेब नुकतेच रजेवरून आले होते. दर वर्षी जुलै आणि ऑगस्टचा बराचसा भाग ते इंग्लंडमध्ये काढत. उष्णतेबाबतची ही त्यांची स्वतःपुरती सुधारणा. त्या दिवशी हवा इतकी दमट होती की सकाळी नऊला ऑफिसच्या काचांना बाहेरून पाणी सुटलं होतं. एक वाजता मी पेटी उघडली, साडेबेचाळीस लिहिलं आणि साइटला फोन केला, “चालू राहू दे.” दीड वाजता मामा सळ्यांच्या जाळ्यावर उभा राहून हसायला लागला. मग भावाच्या नावाने शिव्या द्यायला लागला. मग झोकांड्या खात चार पावलं चालला, ओकला आणि पडला. अंगाला चटका बसेल इतका तापला होता आणि घामाचा एक थेंब नव्हता. दवाखान्यात बर्फात ठेवून वाचवला. तिसऱ्या दिवशी शुद्ध नीट आली.

कंपनीत अपघात झाला की कल्याण विभागाचा अहवाल लागे. फोरमनने तोंडी सांगितलं होतं, “माणूस पिल्यासारखा करत होता.” साहेबांनी रजिस्टर मागवलं. माझ्या वळणदार अक्षरातल्या त्या आकड्यावर पेन्सिल टेकवली. मग खुर्चीत मागे रेलून सांगायला लागले आणि मी टाइप करायला लागलो. त्या दिवशीचं तापमान नियमात ठरवलेल्या मर्यादेच्या आत होतं. सबब उष्णतेचा प्रश्न येत नाही. सदर कामगाराचं बरळणं, झोकांड्या आणि उलटी पाहता तो कामावर नशेत होता असा निष्कर्ष निघतो. त्याला मायदेशी परत पाठवावं.

मी टाइप करताना थांबलो. “सर, हा माणूस पीत नाही.”

“माझ्या प्रदेशातही कुणीच पीत नव्हतं,” साहेब म्हणाले. “मडकी मात्र भरलेली सापडायची. पुढे लिहा.”

मी पुढे लिहिलं. मूळ प्रत आणि खाली कार्बन लावून दोन. ‘नशेत’ हा शब्द तीन कागदांवर उमटला, आणि तो माझ्या बोटांनी उमटवला. नोकरी जाईल, हे एक कारण होतंच. दुसरं कारण सांगायला लाज वाटते : साहेब सांगत असताना मध्ये थांबायची माझ्या बोटांना सवयच राहिली नव्हती.

मामाला विमानात बसवण्याच्या आदल्या दिवशी मी छावणीत गेलो. तो खाटेवर बसून पिशवी बांधत होता. शेजारच्या खाटेवर त्याच्याच तालुक्यातला एक सुतार बसला होता, आणि त्याचा चेहरा सांगत होता की मामा पिऊन पडल्याचं पत्र गावी आधीच गेलंय.

“का गा भाच्या,” मामा म्हणाला, “मी दारू पेलो म्हणते?”

मी खाटेच्या कडेवर बसलो.

“कोनं लिवलं ते?”

“साहेबांनी.”

“साहेबाले मशीन येते का चालवता?”

“मी टाइप केलं, मामा.”

त्याने पिशवीची गाठ घट्ट ओढली. “नोकरी गेली त गेली. हात हायेत. पन गावात कोन्या तोंडानं जाऊ? जेच्या भट्ट्या फोडल्या ते सारे वाट पाहून रायले असतील माही. भाऊ त पयला.” मग तो माझ्याकडे बघून, न रागावता, एखादं काम सांगावं तसं म्हणाला, “तो सबद काढ. तूनं लिवला, तूनंच काढ. अन् काढला का कागद पाठव मले. साहेबाच्या सहीचा.”

“पाठवतो, मामा.”

“तिकीट-गिकीट काही नोको. फक्त तो कागद.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. फायलीतला शब्द बदलायचा तर त्यांची सही लागत होती. मी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं उष्माघाताचं मत सांगितलं, माणसाची माहिती सांगितली, भट्ट्यांबद्दलसुद्धा सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

“तुमच्या भावना मला कळतात,” ते म्हणाले. “पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. दयेपोटी रेकॉर्ड बदलायला लागलो, तर सुधारणा उरणार नाही. रजिस्टरात पंचेचाळीस असतं तर मीच तुम्हाला शब्द बदलायला सांगितलं असतं.”

त्या संध्याकाळी मी एक कागद टाइप केला, खाली कार्बन लावून. दोनच वाक्यं. ऑफिसच्या हिरवळीवरची तापमानाची नोंद हा साइटवरच्या उष्णतेचा पुरावा धरता येत नाही. सबब सदर कामगाराच्या अहवालातला ‘नशेत’ हा शब्द रद्द करून तिथे ‘उष्माघाताने’ असा वाचावा. खाली सहीसाठी जागा सोडली, दोन्ही प्रतींची एकत्र घडी केली आणि तापमानाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानात ठेवली. पुढचे नऊ महिने तो तिथेच होता. रोज तीन वेळा रजिस्टर उघडताना मला त्याची कड दिसायची. शुक्रवारच्या वंदनेनंतर, मामाच्या जागी आता दुसराच कुणी असायचा, सगळ्यांचं भलं होवो असं आम्ही सारे एका सुरात म्हणायचो. मी मनातल्या मनात एका माणसाला वगळायचो. धर्माला हे मंजूर नाही हे मला माहीत होतं. मी तात्पुरतं वगळत होतो.

सुडाच्या ज्या गोष्टी मी वाचल्या होत्या त्यांत विष असायचं, नाहीतर तलवार. माझ्या हाती रजिस्टर होतं. पुस्तकाची पानं नाहीशी करावीत असं एकदा मनात आलं होतं. पण ती पानं परत टाइप कुणाला करावी लागली असती? वाट पाहणं हेच बरं वाटलं. गर्विष्ठ माणूस शेवटी स्वतःच समारंभ ठरवतो, एवढा इतिहास मी शिकलो होतो.

मे महिन्यात साहेब निवृत्त होणार होते. जाण्याआधी सलमाबादच्या छावणीत एक सोहळा ठरला. लंडनहून कंपनीचे दोन भागीदार येणार होते, इथले मालक येणार होते. ‘आदर्श निवास’ असं नाव दिलेल्या बराकीच्या दारात संगमरवरी पाटी बसवायची होती, साहेबांच्या नावाची. बराक आदर्श म्हणजे तिला पडदे होते. पाहुण्यांचं विमान संध्याकाळी, म्हणून सोहळा दुपारी अडीचला. साहेब म्हणाले, शामियाना घालू, पंखे लावू, भाषण चाळीस मिनिटांचं.

तयारीच्या बैठकीत मी फक्त एक सूचना केली. “सर, पाहुण्यांना उष्णतेचा नियम दाखवायचा असेल तर पेटी तिथे मांडली तर? ती तुमची सर्वांत मोठी सुधारणा आहे.”

साहेबांचा चेहरा उजळला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना मी खरोखर आवडलो.

पेटी कुठे ठेवायची हे मात्र त्यांचं त्यांनीच ठरवलं; याचं श्रेय मला घेता येणार नाही. फोटोत उठून दिसावी म्हणून त्यांनी ती गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीसमोर उभी करवली. भिंत निळी रंगवली होती, पेटी पांढरी. खाली वाळू आणि सिमेंट. मागच्या बाजूला पंखे चालवायला आणलेला जनरेटर, त्याचं धुराडं पेटीपासून दहा पावलांवर. छावणीचा कॅम्प बॉस वसईचा कॅथलिक होता, मूळचा हॉटेलातला माणूस, तिशीतल्या मलाही पोरगा समजणारा. त्याने पेटीकडे बघितलं, भिंतीला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

“काय रे, तुझा साहेब याच्यात केक भाजणार की काय?”

“अंकल, नियम माहीत आहे ना? पंचेचाळीस?”

“चार भाषांत लावलाय बाबा संडासाच्या दारावर. बसून बसून पाठ झालाय.” मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मामाला दवाखान्यात नेणारी गाडी त्यानेच चालवली होती. “तीन वाजता वाचणार तू?”

“रोजच वाचतो.”

“मग वाच की. माझ्या माणसांना मी नियम पाळायला सांगितलंय. तसा मी शिस्तीचा माणूस.”

सोहळ्याच्या दिवशी अकरा वाजता पेटीत पारा चव्वेचाळीस होता. मी लिहिलं. एक वाजता पंचेचाळीसला टेकायला आला होता. मी झुकून, डोळा अगदी पातळीत आणून पाहिलं. शास्त्रीय पद्धत तीच आहे. साडेचव्वेचाळीस आणि वर थोडं. मी चव्वेचाळीस पूर्णांक आठ लिहिलं. सूड घेताना आकडा खोटा लिहायचा नाही हे मी ठरवलं होतं. नाहीतर साहेबांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता?

अडीचला सगळे बसले. पाहुणे आणि मालक पुढच्या खुर्च्यांवर, पंख्यांच्या झोतात. मागे बाकांवर दोनशे कामगार, हातपाय धुतलेले, कंपनीचे नवे टी-शर्ट घातलेले. त्यांचं काम टाळ्या वाजवण्याचं होतं. साहेब गडद निळा सूट घालून उभे राहिले आणि त्यांनी आपल्या प्रदेशापासून सुरुवात केली. सातव्या प्रकरणातली वाक्यं मी ओळखत होतो. स्वल्पविरामसुद्धा माझे होते.

तीन वाजता मी सगळ्यांसमोरून चालत पेटीपाशी गेलो. साहेबांनी भाषण थांबवून पाहुण्यांना सांगितलं, “आता तुम्हाला प्रत्यक्षच दिसेल.” मी पेटी उघडली. सेहेचाळीस. वर पाव अंश. मी रजिस्टरात लिहिलं, सही केली, आणि खांबावर लाल निशाण चढवलं.

मग कॅम्प बॉस जनरेटरवाल्याला म्हणाला, “खलास. बंद.” पंखे हळूहळू फिरायचे थांबले. शामियान्याचे दोर धरून उभे असलेले चौघे दोर खुंट्यांना बांधून बराकीत गेले. सरबताचे ट्रे घेऊन निघालेल्या वाढप्यांनी ट्रे टेबलावर ठेवले आणि तेही गेले. ड्रायव्हर गाड्यांपासून दूर सावलीत जाऊन बसले. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. टाळ्या वाजवणं हे काम आहे की नाही, असा प्रश्न पडला होता.

“ड्यूटीवर लावलंय ना?” कॅम्प बॉस त्यांना हिंदीतून म्हणाला. “मग ते काम. उठा, यल्ला.”

दोनशे माणसं उठली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हसलं नाही. रांगेने, चपला ओढत, आदर्श निवासाच्या पडद्यांआड गेली.

मालकांनी विचारलं, “काय झालं?”

उत्तर मी दिलं. “सर, नियम आहे. पारा पंचेचाळीसच्या वर गेला. कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता काम थांबतं.” लंडनच्या एका भागीदाराने मान डोलावून म्हटलं, “प्रभावी आहे,” आणि रुमालाने मान पुसली. पंखे नसलेल्या शामियान्यात दुपारचे तीन म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळायला सुरुवात झाली होती. पारा पुन्हा चव्वेचाळीसखाली कधी येतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, इंशाल्ला, सूर्यास्ताच्या सुमारास.

साहेब माझ्याजवळ आले. सूटच्या पाठीवर मोठा काळा डाग पसरला होता. ते दबक्या आवाजात बोलले.

“निशाण उतरवा.”

“उतरवता येत नाही सर. चव्वेचाळीसच्या खाली आल्याशिवाय नाही.”

“मूर्खपणा आहे हा. पेटी चुकीच्या जागी आहे. इथे पत्रा आहे, वाळू आहे, जनरेटर आहे. हिरवळीवर आज एवढं असणारच नाही. जागा बदलली की आकडा बदलतो, हे शाळेतल्या मुलालाही कळेल!”

हे वाक्य ऐकायला मी नऊ महिने थांबलो होतो. अगदी हळूच म्हटलं, “हे लिहून द्याल का सर?”

मी रजिस्टरचं शेवटचं पान उघडून घडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पहिलं वाक्य त्यांनी नुकतंच स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. दुसरं ते कुणाबद्दल आहे हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. मला सर्वांत जास्त राग त्या थोड्या वेळाचा आला, अजूनही येतो. माणसाचं तोंड काळं करून त्याला परत पाठवला होता, आणि तो आठवायला वेळ लागत होता.

“तो बेवडा?” ते म्हणाले.

“नाही सर. तोच शब्द काढायचा आहे.”

“ही अडवणूक आहे.”

“नाही सर. रेकॉर्ड आहे.”

मागे मालक घड्याळ बघत होते. संगमरवरी पाटीवरचा पडदा ओढायचा बाकी होता. दोरी धरणारा बराकीत बसला होता. साहेबांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, मग कागदावर पडला. मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. मी दोन्ही प्रतींवर घेतली.

मग मी निशाण उतरवलं.

हे मी लपवत नाही. तीन वर्षांत तो नियम एकदाच लागू झाला, खऱ्या सेहेचाळीसला, आणि तो मीच मोडला, एका शब्दासाठी. दोनशे माणसं पडद्याआडून परत उन्हात आली. बाकावर बसता बसता एकजण पुटपुटला, “खतम हो गया क्या?” पंखे सुरू झाले. साहेबांनी भाषण जिथे सोडलं होतं तिथून धरलं, पण आवाज कुठेतरी सांडला होता. दारूबंदीचं प्रकरण त्यांनी गाळलं. पाटीवरचा पडदा ओढताना दोरी अडकली. कॅम्प बॉसने ती खुर्चीवर चढून सोडवली. त्या संध्याकाळी वंदनेचा वार नव्हता, तरी मी ती एकट्याने म्हटली, आणि सगळ्यांत साहेबांनाही धरलं. फार जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेवटचं प्रकरण सांगितलं. त्यात पाहुण्यांच्या देखत पारा मर्यादा ओलांडतो, साहेब स्वतः हात वर करून काम थांबवतात आणि कामगार कृतज्ञतेने त्यांच्याभोवती जमतात. मी जसंच्या तसं टाइप केलं. माझा शब्द माझ्या पिशवीत होता. बाकीचे त्यांचे त्यांना लखलाभ. त्याच सकाळी कंपनीची गाडी पेटी हिरवळीवर परत घेऊन आली होती. सही झालेल्या कागदातल्या पहिल्या वाक्याचा अर्थ खरं तर असा होता, की पेटी तिथे असूच नये. पण ते वाक्य फायलीत होतं, आणि फायलीतलं वाक्य कुणी अर्थासाठी वाचत नाही. दुपारी एक वाजता मी पेटी उघडली आणि लिहिलं : बेचाळीस.

मामाची प्रत मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. सोबत मराठीत तर्जुमा. दोन आठवड्यांनी त्याच्याकडून निळं हवाई पत्र आलं. अक्षर त्याच्या सुनेचं होतं, सांगणं त्याचं.

कागद भेटला, असं त्यात होतं. चावडीवर वाचून दाखवला. सरपंचाले इंग्रजी येत नाही, तरी त्यानं आधी इंग्रजी वाचला, मंग तुहा मराठी. भाऊ आला होता. काही बोलला नाही, पन बसला शेवटपर्यंत. तुह्या मायले सांगजो, पोट्टा कामाचा निंघाला.

शेवटी दोन ओळी, कडेला दाटीवाटीने. इकडे रेडिओवाला सत्तेचाळीस सांगून रायला. पावसाच्या आधी घराचे कवेलू फेराचे हायेत, म्हनून मी दुपारचा छपरावर रायतो.